विसरलेल्या पीएफ खात्यांचा शोध कसा घ्याल?

नोकऱ्या अनेक, खाती अनेक. एकत्र केली तरच निवृत्तिवेतनाची वर्षे जुळतात

बारामती - साखर कारखान्यात दोन-तीन हंगाम, मग औद्योगिक वसाहतीत एका ठेकेदाराकडे काही वर्षे, ठेकेदार बदलला की त्याच यंत्रावर पण नव्या नावाने नोकरी आणि अखेरीस एखाद्या कंपनीत कायम नेमणूक. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील अनेक कामगारांचा नोकरीचा प्रवास साधारण असाच असतो. या प्रत्येक टप्प्यावर वेतनातून भविष्य निर्वाह निधीची, म्हणजेच पीएफची, रक्कम कापली जाते आणि बहुतेक वेळा प्रत्येक टप्प्यावर नवे खाते उघडले जाते. नोकरी सुटते, गाव बदलते, वेतनाच्या चिठ्ठ्या हरवतात. खाते मात्र तसेच पडून राहते.

अशा पडून राहिलेल्या पैशांचा आकडा लहान नाही. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२३-२४ या आर्थिक वर्षाच्या अखेरीस देशभरात साडेएकवीस लाखांहून अधिक पीएफ खाती निष्क्रिय होती आणि त्यांत साडेआठ हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम होती. २०१८-१९ मध्ये अशा खात्यांची संख्या सात लाखांच्या आत होती. यातील प्रत्येक खात्यामागे कोणा तरी कामगाराचे कष्ट आहेत. परंतु प्रश्न केवळ पडून राहिलेल्या रकमेचा नाही. विसरलेल्या खात्याबरोबर नोकरीची वर्षेही विसरली जातात आणि त्या वर्षांवरच आयुष्यभराचे निवृत्तिवेतन अवलंबून असते.

दोन तालुक्यांचे वेगळेपण

बारामती तालुक्यात सोमेश्वर व माळेगाव, तर इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी आणि शहाजीनगरचा नीरा-भीमा असे सहकारी साखर कारखाने आहेत. वालचंदनगरची औद्योगिक वसाहत तर सहकारी कारखानदारी बहरण्याच्या आधीपासूनची. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत तीनचाकी वाहनांपासून चॉकलेटपर्यंतचे उत्पादन करणारे कारखाने आणि मोठ्या संख्येने महिलांना रोजगार देणारे वस्त्रोद्योग संकुल आहे. इंदापूर तालुक्यात भिगवणजवळ कागदनिर्मितीचा कारखाना आणि लोणी देवकरची औद्योगिक वसाहत आहे. याखेरीज दोन्ही तालुक्यांत दूध संघ, पतसंस्था, शिक्षण संस्था आणि सुरक्षारक्षक पुरविणाऱ्या ठेकेदारांचे जाळे आहे.

हंगामी कारखाना, ठेकेदारी आणि सहकारी संस्था या तिन्हींबाबत भविष्य निर्वाह निधीचे नियम थोडेथोडे वेगळे आहेत. ते माहीत नसल्याने अनेकांचा हक्क बुडतो.

पैसे कोठे जमा होतात?

कर्मचारी भविष्य निर्वाह निधीची योजना १९५२ च्या कायद्याने सुरू झाली. मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या बारा टक्के रक्कम कामगाराच्या वेतनातून कापली जाते आणि तितकीच रक्कम मालकाला भरावी लागते. मात्र मालकाचा सगळा वाटा पीएफच्या खात्यात जात नाही. त्यातील ८.३३ टक्के रक्कम १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत आणि उरलेली ३.६७ टक्के पीएफमध्ये जमा होते.

उदाहरणार्थ, १५ हजार रुपये वेतनावर कामगाराचे १,८०० रुपये कापले जातात. मालकाच्या १,८०० रुपयांपैकी १,२५० रुपये निवृत्तिवेतन योजनेत आणि ५५० रुपये पीएफमध्ये जातात. म्हणजे दरमहा २,३५० रुपये पीएफमध्ये साठतात. एखाद्याने तीन वर्षे आठ महिने नोकरी केली, तर व्याज सोडून केवळ मुद्दलच १,०३,४०० रुपये होते. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी व्याजाचा दर ८.२५ टक्के होता. आठ टक्क्यांच्या आसपासच्या चक्रवाढ व्याजाने रक्कम सुमारे नऊ वर्षांत दुप्पट होते, हे लक्षात घेतले की 'थोडेसेच पैसे असतील' हा समज किती महागात पडतो ते कळते.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पीएफ ही साठलेली रक्कम आहे, तर निवृत्तिवेतन हे नोकरीची वर्षे आणि वेतन यांच्या हिशेबावर ठरते. त्यामुळे खाती एकत्र करताना पीएफचे पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातात. निवृत्तिवेतनाच्या बाबतीत मात्र पैसे नव्हे, तर सेवेचा तपशील हस्तांतरित होतो. खाते वर्ग झाल्यावर नव्या पासबुकात निवृत्तिवेतनाच्या रकान्यात जुनी रक्कम दिसत नाही, म्हणून अनेक जण घाबरतात. रक्कम न दिसणे हे स्वाभाविक आहे. तपासायचे ते सेवेच्या नोंदीत जुनी वर्षे आली आहेत की नाही, हे.

दहा वर्षांचा उंबरठा

वयाच्या ५८ व्या वर्षापासून दरमहा निवृत्तिवेतन मिळण्यासाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते. हिशेबात सहा महिने वा त्याहून अधिक काळ पूर्ण वर्ष धरला जातो. म्हणजे साडेनऊ वर्षांची सेवा दहा वर्षे मानली जाते.

समजा, एका कामगाराने पहिल्या ठेकेदाराकडे तीन वर्षे आठ महिने, दुसऱ्याकडे दोन वर्षे नऊ महिने आणि त्यानंतर एका कंपनीत तीन वर्षे चार महिने काम केले. तिन्ही खाती स्वतंत्र राहिली, तर एकाही खात्यावर तो निवृत्तिवेतनाला पात्र ठरत नाही. तिन्हींची बेरीज मात्र नऊ वर्षे नऊ महिने होते आणि ती दहा वर्षे मानली जाते. निवृत्तिवेतनाचे सूत्र असे : निवृत्तिवेतनपात्र वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे. शेवटच्या ६० महिन्यांचे सरासरी वेतन १५ हजार रुपये धरले, तर या कामगाराला दरमहा सुमारे २,१४३ रुपये मिळतील. रक्कम मोठी नाही, पण ती वीस वर्षे मिळाली तर पाच लाखांहून अधिक होते आणि त्याच्या पश्चात पत्नीलाही निवृत्तिवेतन सुरू राहते. सेवा जितकी अधिक, तितकी रक्कम अधिक.

हा उंबरठा ओलांडण्याआधीच अनेक जण दर नोकरी सुटल्यावर फॉर्म १९ आणि फॉर्म १०-सी भरून सगळे पैसे काढून घेतात. फॉर्म १९ पीएफच्या रकमेसाठी असतो, तर १०-सी निवृत्तिवेतन योजनेतील लाभासाठी. १०-सी भरून रक्कम काढली की त्या नोकरीची वर्षे निवृत्तिवेतनाच्या हिशेबातून कायमची पुसली जातात. त्याऐवजी त्याच फॉर्मवर 'योजना प्रमाणपत्र' मागता येते. या प्रमाणपत्रावर सेवेची वर्षे नोंदविलेली असतात आणि पुढील नोकरीत ती जोडता येतात. लग्न, आजारपण वा घराच्या कामासाठी पैशांची निकड असेल, तरी पीएफची रक्कम काढावी आणि निवृत्तिवेतनाची सेवा राखावी, हा मार्ग उपलब्ध असतो. तो फारच थोड्यांना ठाऊक असतो.

आणखी एक बाब. १ सप्टेंबर २०१४ पासून निवृत्तिवेतन योजनेची वेतनमर्यादा ६,५०० वरून १५ हजार रुपये झाली. त्या तारखेनंतर पहिल्यांदाच सभासद होणाऱ्या आणि १५ हजारांहून अधिक वेतन असणाऱ्या कर्मचाऱ्याला निवृत्तिवेतन योजनेत प्रवेश नाही. परंतु जो आधीपासून या योजनेचा सभासद आहे आणि ज्याने तो लाभ काढून घेतलेला नाही, त्याचे सभासदत्व पुढे चालू राहते. त्यामुळे एखाद्या ठेकेदाराकडील जुने, विसरलेले खाते हाच चांगल्या पगाराच्या नव्या नोकरीत निवृत्तिवेतनाच्या हक्काचा पुरावा ठरू शकतो.

हंगामी कामगारांसाठी विशेष

साखर कारखान्यातील हंगामी कामगारांमध्ये एक समज रूढ आहे, की वर्षातून पाचच महिने काम, म्हणून दहा वर्षे भरायला चोवीस वर्षे लागतील. हा समज चुकीचा आहे. १९९५ च्या योजनेनुसार हंगामी आस्थापनेत एका वर्षातील प्रत्यक्ष सेवा वर्षापेक्षा कमी असली, तरी ती पूर्ण वर्ष मानली जाते. म्हणजे दहा गळीत हंगाम ही दहा वर्षांची सेवा होय.

हंगाम संपल्यानंतर कामगाराला बांधून ठेवण्यासाठी जो 'रिटेन्शन' भत्ता दिला जातो, त्यावरही पीएफची वर्गणी भरण्याची तरतूद कायद्यात होती. १९५२ च्या कायद्यात वर्गणीसाठी मूळ वेतन व महागाई भत्त्याबरोबर या भत्त्याचाही स्पष्ट उल्लेख आहे. जुन्या हंगामांचे पासबुक वा वार्षिक उतारा हाती आला, की बिगरहंगामी महिन्यांच्या नोंदी जरूर पाहाव्यात.

ज्यांची नोकरी १६ नोव्हेंबर १९९५ पूर्वीची आहे आणि जे १९७१ च्या कुटुंब निवृत्तिवेतन योजनेचे सभासद होते, त्यांची ती वर्षेही सेवेत धरली जातात. वालचंदनगर आणि जुन्या साखर कारखान्यांच्या परिसरातील ज्येष्ठांनी ही बाब ध्यानात ठेवावी.

सहकारी संस्थांबाबत एक अपवाद माहीत असावा. पन्नासपेक्षा कमी कर्मचारी असलेल्या आणि यांत्रिक शक्तीविना चालणाऱ्या सहकारी संस्थांना १९५२ चा कायदा लागू नव्हता. त्यामुळे गावातील लहान पतसंस्थेत वा विकास सोसायटीत केलेल्या नोकरीचे खाते सापडले नाही, तर ते हरवले असेच असेल असे नाही. ते उघडलेच गेले नसण्याचीही शक्यता असते.

शोधाची सुरुवात घरापासून

जुन्या खात्याचा शोध संगणकापासून नव्हे, तर घरातल्या ट्रंकेपासून सुरू करावा. वेतनाची चिठ्ठी, नेमणुकीचे पत्र, ठेकेदाराचे ओळखपत्र, राज्य विमा योजनेचे कार्ड, पीएफचा वार्षिक उतारा, आयकराचा फॉर्म १६, वेतन जमा होत असलेल्या बँकेचे पासबुक यांपैकी काहीही उपयोगी पडते. वेतनचिठ्ठीवर पीएफ क्रमांक बहुधा छापलेला असतो.

या क्रमांकाची रचना समजून घ्यावी. आरंभीची अक्षरे प्रदेश व कार्यालय दाखवितात. त्यानंतर आस्थापनेचा, म्हणजे कारखान्याचा वा ठेकेदाराचा, सांकेतिक क्रमांक येतो आणि शेवटी सभासदाचा स्वतःचा क्रमांक असतो. यातून दोन गोष्टी साधतात. एक, खाते पुण्याच्या कार्यालयात आहे की अन्यत्र, हे कळते. ठेकेदाराचे मुख्य कार्यालय मुंबईत वा ठाण्यात असेल, तर काम बारामतीत करूनही खाते तिकडच्या कार्यालयात असू शकते. दुसरे म्हणजे, स्वतःचा क्रमांक हरवला असला, तरी त्याच ठेकेदाराकडे त्याच काळात काम केलेल्या जुन्या सहकाऱ्याची चिठ्ठी पाहावी. शेवटचा सभासद क्रमांक वगळता बाकी सारे आकडे तेच असतात. तेवढ्या आधारावर कार्यालयाला नाव व जन्मतारखेवरून खाते शोधता येते.

आस्थापनेचा सांकेतिक क्रमांकही हाती नसेल, तर कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर आस्थापनेच्या नावाने शोध घेण्याची सोय आहे. येथे नावाची नेमकी अक्षरे महत्त्वाची ठरतात. फलकावरचे नाव आणि नोंदणीतील नाव वेगळे असू शकते, हे लक्षात ठेवावे.

ठेकेदारी कामगारांनी आणखी एक करावे. ठेकेदार परागंदा झाला असेल वा नोंदी देत नसेल, तर ज्या कारखान्यात प्रत्यक्ष काम केले त्या मुख्य मालकाकडे चौकशी करावी. ठेकेदारामार्फत नेमलेल्या कामगारांच्या वर्गणीची अंतिम जबाबदारी मुख्य मालकाची असल्याने तेथे ठेकेदारांच्या भरण्याच्या नोंदी असणे अपेक्षित असते.

एकच क्रमांक, आयुष्यभरासाठी

ऑक्टोबर २०१४ मध्ये सार्वत्रिक खाते क्रमांक, म्हणजेच यूएएन, सुरू झाला. हा बारा अंकी क्रमांक नोकरी बदलली तरी बदलत नाही. प्रत्येक नोकरीचा सभासद क्रमांक वेगळा असला, तरी ते सर्व या एका क्रमांकाखाली यावेत अशी कल्पना आहे.

यूएएन ठाऊक नसेल, तर संघटनेच्या सदस्य संकेतस्थळावर 'नो युवर यूएएन' या सोयीत मोबाइल क्रमांक आणि आधार, पॅन वा सभासद क्रमांक देऊन तो मिळविता येतो. यूएएन आधीच कार्यान्वित असेल, तर नोंदविलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ या क्रमांकावर मिस्ड कॉल दिल्यास शेवटची वर्गणी व शिल्लक यांचा संदेश येतो. 'उमंग' या सरकारी अॅपवरही पासबुक पाहता येते. ज्या कंपन्यांना स्वतःचा विश्वस्त निधी चालविण्याची सूट मिळालेली आहे, त्यांच्या कामगारांची पीएफ शिल्लक मात्र या पासबुकात दिसत नाही. ती कंपनीच्या विश्वस्त निधीकडे विचारावी लागते.

नव्या नोकरीत रुजू होताना फॉर्म ११ मध्ये जुना यूएएन लिहिला, तर पुढचे खाते त्याच्याशी जोडले जाते. ठेकेदाराच्या कार्यालयात घाईघाईत 'पहिलीच नोकरी' अशी खूण केली, तर दुसरा यूएएन तयार होण्याचा धोका असतो. एका व्यक्तीचे दोन यूएएन असतील, तर जुन्या क्रमांकाखालील खाते नव्या क्रमांकाखालील खात्यात वर्ग करून घ्यावे. हस्तांतर पूर्ण झाले, की जुना क्रमांक बंद होतो.

खाती एकत्र कशी करावीत?

यूएएन कार्यान्वित असावा, त्याला आधार, पॅन व बँक खाते जोडलेले असावे आणि मोबाइल क्रमांक चालू असावा, ही पूर्वतयारी आहे. त्यानंतर सदस्य संकेतस्थळावरील ऑनलाइन सेवांमध्ये 'वन मेंबर वन ईपीएफ अकाउंट' हा पर्याय निवडावा. सध्याच्या खात्याचा तपशील दिसतो. त्यात जुन्या खात्याचा क्रमांक निवडून मोबाइलवर आलेल्या सांकेतिक अंकांनी अर्जाची खातरजमा करावी. जानेवारी २०२५ मध्ये संघटनेने हे नियम शिथिल केले. आधार जोडणी असलेल्या आणि तपशील जुळणाऱ्या बहुतांश प्रकरणांत जुन्या वा नव्या मालकाच्या मंजुरीची गरज उरलेली नाही. मालकाच्या सहीसाठी महिनोन्‌महिने खेटे घालणाऱ्यांसाठी हा मोठा दिलासा आहे.

जुन्या नोकरीची 'सोडल्याची तारीख' नोंदविलेली नसल्याने अर्ज अडतो, असा अनुभव नेहमीचा आहे. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले असतील, तर ही तारीख सभासदाला स्वतःच संकेतस्थळावर नोंदविता येते. मात्र तारीख विचारपूर्वक भरावी.

यूएएन सुरू होण्यापूर्वीच सोडलेल्या नोकरीचे खाते बहुधा कोणत्याही यूएएनशी जोडलेले नसते. अशा वेळी जुना सभासद क्रमांक देऊन फॉर्म १३ द्वारे सध्याच्या मालकामार्फत अथवा थेट प्रादेशिक कार्यालयात हस्तांतराचा अर्ज करावा. सोबत जुन्या नोकरीचा जो काही पुरावा असेल त्याची प्रत द्यावी आणि पोच घ्यावी. हस्तांतर झाल्यावर 'परिशिष्ट के' हा तपशील तयार होतो. त्यात वर्ग झालेली रक्कम आणि सेवेचा काळ नमूद असतो. त्याची प्रत जपून ठेवावी.

खाते वर्ग करण्याचा आणखी एक लाभ आयकराचा आहे. पाच वर्षांची सलग सेवा पूर्ण होण्याआधी पीएफ काढल्यास रक्कम करपात्र ठरू शकते आणि ५० हजार रुपये वा त्याहून अधिक रकमेवर मुळातून करकपात होते. जुने खाते नव्यात वर्ग केले असेल, तर आधीच्या नोकरीचा काळही या पाच वर्षांत मोजला जातो.

नाव आणि जन्मतारखेचा घोळ

दावे अडण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे तपशिलातील तफावत. आपल्याकडे कागदोपत्री नाव एक आणि हजेरीपटावरचे नाव दुसरे, ही गोष्ट सर्रास आढळते. शाळेच्या दाखल्यावर 'बाळासाहेब' आणि ठेकेदाराच्या नोंदीत 'बाळू', एकीकडे वडिलांचे नाव मध्ये, तर दुसरीकडे ते गाळलेले, इंग्रजीत आडनावाची दोन प्रकारची अक्षरे, असा हा घोळ असतो. महिलांच्या बाबतीत तो अधिक होतो. लग्नापूर्वीच्या नोकरीत माहेरचे नाव आणि नंतरच्या नोकरीत सासरचे, त्यामुळे संगणकाच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या व्यक्ती ठरतात. विवाह नोंदणी प्रमाणपत्र वा राजपत्रातील नावबदलाची प्रत अशा वेळी कामी येते.

जन्मतारखेची कथा वेगळी. शाळेत नाव घालताना एक जून ही तारीख लिहून मोकळे होण्याची पद्धत ग्रामीण भागात वर्षानुवर्षे होती. पुढे आधारवर दुसरीच तारीख लागली, तर दोन नोंदी जुळत नाहीत. जन्मतारखेच्या दुरुस्तीसाठी जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला वा गुणपत्रिका यांसारखा पुरावा लागतो. केवळ आधार कार्ड हा जन्मतारखेचा पुरावा धरू नये, असे संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये स्पष्ट केले होते.

दुरुस्तीसाठी सभासद व मालक यांचे संयुक्त घोषणापत्र द्यावे लागते. १ ऑक्टोबर २०१७ नंतर आधारच्या आधारे दिलेल्या यूएएनच्या बाबतीत नाव, जन्मतारीख, लिंग, वैवाहिक स्थिती, नोकरीच्या तारखा आदी तपशील सभासदाला स्वतःच ऑनलाइन दुरुस्त करण्याची मुभा जानेवारी २०२५ पासून देण्यात आली. हस्तांतराचा अर्ज करण्यापूर्वी आधार, पॅन, बँक आणि पीएफ या चारही ठिकाणचे तपशील एकसारखे आहेत की नाहीत हे पाहिले, तर पुढचे बरेच हेलपाटे वाचतात.

कारखाना बंद पडला असेल तर?

आस्थापना बंद पडली म्हणून खात्यातील पैसे बुडत नाहीत. ते मालकाकडे नव्हे, तर निधीकडे जमा असतात. आधार जोडणी असलेल्या सभासदाला २०१७ पासून लागू असलेल्या एकत्रित दावा अर्जावर मालकाच्या सहीची आवश्यकता नाही. आधार जोडणी नसलेल्या जुन्या खात्यांसाठी फॉर्मवर राजपत्रित अधिकारी, बँक व्यवस्थापक, पोस्टमास्तर, आमदार, मान्यताप्राप्त शाळेचे मुख्याध्यापक किंवा सरपंच यांचे साक्षांकन घेण्याची सोय नियमांत पूर्वापार आहे.

निष्क्रिय खात्यांवरील व्याजाबाबतही गैरसमज आहेत. १ एप्रिल २०११ पासून तीन वर्षे वर्गणी न आलेल्या खात्यांवरील व्याज थांबविण्यात आले होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये ही व्याख्या बदलण्यात आली. नोकरी सुटली, वर्गणी थांबली, एवढ्याने खाते निष्क्रिय होत नाही. ५५ वर्षांनंतर निवृत्ती, कायमचे परदेशगमन वा मृत्यू यांनंतर ३६ महिन्यांत दावा केला नाही, तर ते निष्क्रिय ठरते. त्यामुळे चाळिशीतील कामगाराच्या जुन्या खात्यावर व्याज चालूच राहते.

वेतनातून पीएफ कापला गेला, पण खात्यात नोंदच नाही, असे आढळले तर प्रकरण गंभीर आहे. कामगाराच्या वेतनातून कापलेली वर्गणी न भरणे हा फौजदारी विश्वासघाताचा गुन्हा ठरतो. वेतनचिठ्ठीची प्रत जोडून प्रादेशिक कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी.

सभासद हयात नसेल तर

घरातील कर्त्या माणसाच्या निधनानंतर कुटुंबाला त्याच्या जुन्या खात्यांची माहितीच नसते. पीएफच्या रकमेसाठी फॉर्म २०, कुटुंबाच्या निवृत्तिवेतनासाठी फॉर्म १०-डी आणि विमा लाभासाठी फॉर्म ५-आयएफ असतो. नोकरीत असताना मृत्यू झाल्यास ठेवसंलग्न विमा योजनेतून कमाल सात लाख रुपयांपर्यंतचा लाभ वारसांना मिळू शकतो. नामनिर्देशन भरलेले असेल, तर हे सारे सुकर होते. विवाहापूर्वी केलेले नामनिर्देशन विवाहानंतर बाद ठरते, त्यामुळे ते पुन्हा भरावे.

घाई नको

नोकरी सुटताच पैसे काढण्याच्या नियमांतही बदल होत आहेत. केंद्रीय विश्वस्त मंडळाने १३ ऑक्टोबर २०२५ च्या बैठकीत पूर्ण रक्कम काढण्यासाठीचा बेरोजगारीचा काळ दोन महिन्यांवरून बारा महिने आणि निवृत्तिवेतनाची रक्कम काढण्यासाठीचा काळ ३६ महिने करण्यास मंजुरी दिली. वारंवार पैसे काढल्याने कामगार निवृत्तिवेतनाला मुकतात, हे त्यामागचे एक कारण सांगण्यात आले. अर्ज भरताना त्या दिवशी लागू असलेली मुदत कार्यालयातून विचारून घ्यावी.

दाद कोठे मागावी?

बारामतीहून पुणे सुमारे शंभर किलोमीटर, तर इंदापूरहून सुमारे १४० किलोमीटर. एका खेपेत काम झाले नाही तर कामगाराची दिवसाची मजुरी बुडते. पुण्यात गोळीबार मैदानाजवळ आणि आकुर्डी येथे संघटनेची कार्यालये आहेत. निघण्यापूर्वी आपल्या आस्थापनेचे खाते कोणत्या कार्यालयाच्या अखत्यारीत आहे, हे पाहून घ्यावे. जानेवारी २०२३ पासून प्रत्येक जिल्ह्यात दर महिन्याच्या २७ तारखेला 'निधी आपके निकट' हे शिबिर भरते. सुटी असल्यास ते पुढील कामकाजाच्या दिवशी होते. चौकशीसाठी १४४७० हा दूरध्वनी क्रमांक आहे. लेखी तक्रार संघटनेच्या ऑनलाइन तक्रार निवारण व्यवस्थेत नोंदविता येते आणि तिचा क्रमांक मिळतो. तरीही उत्तर न मिळाल्यास माहिती अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून आपल्याच खात्याची स्थिती विचारता येते. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

या सर्व सेवा विनामूल्य आहेत. जुने खाते शोधून देतो, असे सांगून रकमेत टक्केवारी मागणाऱ्यांपासून सावध राहावे. मोबाइलवर आलेले सांकेतिक अंक कोणालाही सांगू नयेत. सायबर कॅफेत वा झेरॉक्सच्या दुकानात अर्ज भरून घेतला, तर पासवर्ड नंतर बदलावा आणि मोबाइल क्रमांक आपलाच नोंदविला आहे ना, याची खात्री करावी.

हे टिपून ठेवा

- प्रत्येक नोकरीचे आस्थापनेचे नाव, रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख आणि सभासद क्रमांक एका वहीत लिहावा. हंगामी कामगारांनी प्रत्येक हंगामाची नोंद ठेवावी.

- यूएएन एकच असावा. नव्या नोकरीत तोच द्यावा.

- ठेकेदार बदलला, की पुढील दोन-तीन महिन्यांत पासबुक पाहावे. दर महिन्याची वर्गणी पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरली जाणे अपेक्षित असते.

- निवृत्तिवेतनाची रक्कम काढण्यापूर्वी आतापर्यंतच्या सर्व वर्षांची बेरीज करावी. गरज नसेल तर योजना प्रमाणपत्र घ्यावे.

- हस्तांतरानंतर रकमेबरोबर सेवेचा काळही आला आहे का, ते तपासावे.

- जुन्या बँक ठेवींसाठी ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या 'उद्‌गम' संकेतस्थळावर शोध घेता येतो. पीएफची खाती मात्र तेथे सापडत नाहीत.

- वही कोठे ठेवली आहे, हे घरातील किमान एका व्यक्तीला माहीत असू द्यावे.